नखाखालची गाठ

१२ जानेवारी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बोटाचं दुखणं मनाचं असेल, असं तूही लिहावंस? सहा वर्षं हेच ऐकतेय. भांडी दिसली की हिचं बोट दुखतं, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि तुझे भाऊजी हसतात. अरे, गार पाणी लागलं की डाव्या अनामिकेतून खांद्यापर्यंत कळ जाते. काल काजं करताना कापडाची घडी नखाला लागली आणि गिऱ्हाइकासमोरच मी मटकन खाली बसले. शिवणाचं दुकान बंद करावं लागतंय की काय, या धास्तीने जेवण जात नाही. एक्स-रेत काही निघत नाही. आता शेजारच्या नर्सबाईंनी हाताच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलंय.

रागावले असले तरी लोभ कमी नाही.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चुकलो. त्या ओळीवर खुशाल शाई ओत. पेपर तपासायचा ढीग पडलाय, शाळा रजा देत नाही, नाहीतर कान धरून समोर उभा राहिलो असतो. भाऊजींना वेगळं पत्र टाकलंय, की बाहेर पेपर वाचत बसू नका, तपासताना आत बसा.

लगेच कळव. तुझ्या रागावरही हक्क सांगणारा,

बंडू

९ फेब्रुवारी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

सुटले रे! तुझे भाऊजी आत बसले होते. डॉक्टरीणबाईंनी टाचणीचं डोकं नखावर टेकवत नेलं. एका ठिकाणी मी किंचाळले, जरा बाजूला मात्र काहीच नाही. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून तिथेच दाबलं, तर कळ गायब! बाई म्हणाल्या, ही ग्लोमसची गाठ, म्हणजे नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्यांची, क्वचितच होते, एक्स-रेत बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये ती सापडली. बोट बधिर करून, नख उचलून काढली. मोहरीएवढी! भाऊजींनी ती दोनदा निरखून पाहिली. तपासणीचा अहवाल काल आला, कर्करोग नाही. नख यायला पाच-सहा महिने लागतील. तोवर मी कापते आणि मदतनीस शिवते. तिच्या टाक्यांबद्दल मी बोलत नाही.

आज सकाळी भाऊजी गावी गेलेल्या सासूबाईंशी फोनवर बोलत होते. म्हणाले, तिचं खरंच दुखत होतं, आपणच ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात होते. नळ चालूच राहिला.

असाच जीव लावत राहा.

तुझी ताई