आपल्यात चालत नाही

आई, आज तुझ्या नातीला शाळेत लस टोचली आणि संध्याकाळी मी बिनफोडणीची डाळ केली. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "मम्मी, धिस इज सो ब्लँड, तू फोडणी विसरली का?" विसरले नाही, आज घालायची नसते, एवढंच मी म्हटलं. लहानपणी मला टोचलं की तू त्या दिवशी घरात फोडणी घालायची नाहीस. टोचलं म्हणजे देवी दारापर्यंत आलीच, आणि तिला तेलाची तडतड सोसत नाही, हे तुला तुझ्या आईनं सांगितलेलं. मग दहीभाताचा नैवेद्य आणि आपल्याला पिवळं वरण. टोचून मात्र घ्यायचंच. इथे इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला आल्यावरही तुझा हा नेम सुटला नाही. दम्यामुळे दर ऑक्टोबरला तुला फ्लूचं इंजेक्शन असायचं, सर्जरीतल्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, रांगेत पहिला नंबर तुझा, आणि घरी येऊन तेच सपक जेवण. मी नाक मुरडायचे. "डॉक्टरचं डॉक्टरला, देवीचं देवीला," तू म्हणायचीस, "माझं कुणाशी भांडण नाही."

मी इथल्या आर्मीत जाते म्हटल्यावर तू दोन दिवस बोलली नाहीस, तिसऱ्या दिवशी माझ्या बॅगेत लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवलीस. मी स्टोअर्समध्ये होते, बूट, तंबू, गाड्यांचे सुटे भाग द्यायचं काम. इराकला जायच्या आधीच्या हिवाळ्यात आम्हाला अँथ्रॅक्सची लस देऊ केली. सक्ती नव्हती. कागदावर हो किंवा नाही लिहायचं आणि खाली सही करायची, बस. पण आधीच्या आखाती युद्धावरून आजारी होऊन परतलेल्यांच्या गोष्टी बरॅकमध्ये फिरत होत्या, आणि आम्हा मुलींमध्ये तर कुजबुज होती की ही लस घेतली तर पुढे मूल होणार नाही. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते आणि पार टरकले होते. मी नाही लिहिलं, तेव्हा मागून आमचा सार्जंट ओरडला, "काय गं, सुईला घाबरतेस?" सगळी रांग हसली. त्या बाप्यांच्या रांगेत मुलाबाळांची भीती कशी सांगायची? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात चालत नाही, सार्ज. रिलिजन." हसणं तिथल्या तिथे थांबलं. सार्जंटनं चक्क सॉरी म्हटलं. एवढ्यावर सुटले, असं मला वाटलं.

पण खोट्याला पाय फुटले. कॅम्पचे पाद्री माझ्याकडे आले. फार भला माणूस. हिंदूंबद्दल त्यांना फारसं ठाऊक नव्हतं, आणि पुढे कुणी मला छळू नये म्हणून त्यांना नीट टिपण करून ठेवायचं होतं. तुझ्या आईला भेटलो तर चालेल का, असं त्यांनी विचारलं, आणि नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. तुला फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं की कॅम्पवरचे एक फादर चहाला येणार आहेत. बाकीचं सांगायचा धीर झाला नाही.

शनिवार आहे. ते आपल्या किचनमध्ये बसलेत, गुडघे टेबलाला लागतायत, पुढ्यात तुझा चिवडा. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली शिफ्ट करून तू नुकतीच आलीयेस, हात अजून लाल आहेत. ते अगदी हळू, सोपं इंग्लिश बोलतात. तुमच्या धर्मात लस घेतलेली चालत नाही, हे खरं आहे का? तू माझ्याकडे बघतेस. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसते. तेव्हा तू पदर सारखा करतेस आणि म्हणतेस, "यस, फादर. इन अवर हाउस, नो इंजेक्शन. गॉडेस नॉट लाइक." ते वहीत लिहून घेतात, तुझे आभार मानतात, आणखी थोडा चिवडा घेतात.

ते गेल्यावर तू त्यांचा कप कितीतरी वेळ विसळत होतीस. मग पाठमोरीच म्हणालीस, "भीती वाटते म्हणाली असतीस तर काय आकाश कोसळलं असतं? देवीला खोट्यात ओढलंस, आणि मला साक्षीला उभं केलंस."

"आई, एवढं काय! कोण चेक करायला येणारे?"

"मी बोलले ना, देवाच्या माणसासमोर. बोललेलं निस्तरावं लागतं."

त्या रात्री वरणाला फोडणी नव्हती. मला वाटलं, रागावली आहेस.

मी इराकला गेले आणि परत आले. ज्या रोगाची ती लस होती तो आमच्यातल्या कुणालाच झाला नाही. त्या ऑक्टोबरला मी फोनवर विचारलं, इंजेक्शन घेतलंस ना, तर तू म्हणालीस, "माझं मी बघते." पुढच्या वर्षीही तेच उत्तर. मला कॅम्पवर कामं होती, मी पुढे विचारलं नाही. त्या हिवाळ्यात तुला फ्लू झाला, मग न्यूमोनिया, आणि दहाव्या दिवशी तू गेलीस.

तुझे उरलेले इन्हेलर परत करायला सर्जरीत गेले, तेव्हा ती जुनी नर्स भेटली, तुला दरवर्षी टोचणारी. म्हणाली, "तुझी आई नेहमी पहिली यायची, आणि दोन वर्षं आलीच नाही. मी स्वतः फोन केला तिला. तर म्हणाली, आमच्या घरात इंजेक्शन घेत नाहीत, मी एका फादरना तसं सांगितलंय, आता मला घेता येणार नाही." मी इन्हेलरची पिशवी काउंटरवर ठेवली. इंजेक्शन घेतलं असतंस तर वाचली असतीस, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मीही हिशेब मांडून मांडून थकले आहे. पण माझं खोटं खरं करायला तू दोन वर्षं इंजेक्शनावाचून राहिलीस, हे मला त्या काउंटरपाशी कळलं. नर्सनं हळूच विचारलं, "म्हणजे ते धर्मामुळेच होतं ना?"

मी म्हटलं, "हो. आमच्यात चालत नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या जावयालाही नाही. मराठी लिहायला तूच बसवायचीस, दर रविवारी याच टेबलापाशी, म्हणून निदान कागदावर उतरलं. पाठवायचं तर कुठे? शिवाय तुला हे सगळं तेव्हाच ठाऊक होतं. आज संध्याकाळी मुलगी बराच वेळ ती डाळ चिवडत बसली होती. "पण का नाही घालायची फोडणी?" तिनं विचारलं. आता सांगावं, असं वाटलं. की आजी होती, आणि मला भीती वाटली होती, आणि मी ती कबूल केली नाही. तोंडापर्यंत आलं होतं, आई. मी म्हटलं, "आपल्यात चालत नाही," आणि तिच्या भातावर तूप वाढलं.