खदानीवरची घरं

माय,

सरपंच मेला. वारला, देवाघरी गेला, असलं काही लिहायला माझा हात वळत नाही, म्हणून मेला असंच लिहिते. म्हातारा होऊन, नातवंडांच्या गराड्यात, स्वतःच्या पलंगावर मेला. गावातली दुकानं दिवसभर बंद होती. स्टँडसमोर त्याचा हार घातलेला मोठा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, ‘पूरग्रस्तांचे कैवारी’. मी बसमधून उतरले, ते वाचलं आणि तिथंच थुंकले. सिस्टर म्हणून रिटायर झालेली बाई भर रस्त्यात थुंकली, दोघा-तिघांनी पाहिलं. पाहू दे.

पूर ओसरला तेव्हा आपल्या वस्तीत उभी भिंत म्हणून राहिली नव्हती. नदीकाठची आपली मेंढकरांची घरं आणि त्यांना लागून असलेला बौद्धवाडा, दोन्हींचा नुसता चिखल. वरच्या आळीतली दगडी घरं मात्र कोरडी. आपली मेंढरं वाघुराच्या जाळीत कोंडलेली होती, थोडी सोडली तर सगळी तिथंच बुडाली. अजून दिसतंय मला, तू गुडघाभर चिखलात उभी आहेस आणि एकेका मेलेल्या मेंढीचा कान उलटा करून आपली खूण बघतेयस. रडत नाहीस. चार दिवसांनी सगळ्या शिवारात वास सुटला, तेव्हा सरपंचाने बौद्धवाड्यातल्या माणसांना जुंपलं आणि गावभरची मेलेली जनावरं ओढ्याकाठच्या जुन्या खदानीत टाकायला लावली. त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातली फवारणीच्या पावडरीची भिजलेली पोतीही त्याच खड्ड्यात गेली. वरून मुरूम पसरला, झालं. आपली मेंढरं तू कुणाला ओढू दिली नाहीस. स्वतः दोरी धरून नेलीस.

सरकारने नवी घरं मंजूर केली, त्यांची जागा माळावरच्या गायरानात ठरली होती. उंच, मुरमाड, कितीही पूर आला तरी न पोचणारी जागा. पण त्या गायरानात सरपंचाचा कापूस उभा होता. मग त्याने मोजणीवाल्यांना जेवू घातलं, फिरवलं आणि खदानीची सपाट झालेली जागा दाखवली. उन्हाळ्यात तिथं घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, मधोमध हापसा बसला. खाली काय आहे ते आख्ख्या गावाला माहीत होतं.

पुरानंतर आपण राहायचो त्या पालापाशी तो आला होता, ती दुपार आठवते का? पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. तेव्हा नामांतराच्या दंगलीला काही वर्षं झाली होती, पण गावातला विखार गेला नव्हता. तो तुला म्हणाला, “तुमी आमचीच माणसं. तुमची चार घरं वरच्या अंगाला बांधून देतो. तेवढं त्या नामांतरवाल्यांच्या नादाला लागू नका.” तू वाचलेल्या एका मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होतीस. मान वर न करता बोललीस, “मालक, खाली माजी मेंढरं हायेत. त्यांच्या उरावर मी चूल मांडू न्हाई आन् बौद्धवाड्यानं मांडावी, ह्यो कुठला न्याय?” तो हसला. “मातीत गेलं की समद्याची मातीच होती, बाई.” ते हसणं मी जपून ठेवलं, माय. बाकी बरंच विसरले, ते हसणं विसरले नाही.

शेवटी जावंच लागलं. पालात पाऊस काढणं शक्य नव्हतं आणि दुसरी जागा कुणी दिली नाही. आषाढात हापशाच्या पाण्याला वास यायला लागला, वर तेलासारखी साय. लेकरांना जुलाब, वांत्या सुरू झाल्या. आधी बौद्धवाड्यातल्या मावशीची नात गेली, मग आणखी एक लेकरू, मग आपला धाकटा. गोळ्या वाटायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, पाणी उकळून, गार करून त्यात मीठ-साखर घालून पाजत राहा. बाईंचं चुकलं नव्हतं. पण भर पावसात सरपण ओलं, चूल पेटत नव्हती, आणि पाणी तेवढंच होतं. तू त्या हापशाच्याच पाण्यात मीठ-साखर कालवलीस आणि चमच्या-चमच्याने त्याला पाजत राहिलीस. मग त्याला पदरात घेऊन सडकेला पळालीस. जिंतूरची बस मिळाली, पण दवाखाना यायच्या आत तो गार पडला. मी परतीच्या बसमध्ये हुंदके द्यायला लागले तर तू माझा दंड इतका दाबलास की वळ उठले. “रडून कुणाचं वाकडं झालंय का? ध्यानात ठिव.” बाप तर आधीच गेलेला. त्या दिवसापासून घरात आपण दोघीच.

पाऊस उघडल्यावर घरांच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले तेव्हा सरपंचाने हार, पेढे, मंडप, सगळं केलं होतं. त्या सकाळी तू आणि मावशी दार लावून आत पहारीने आपल्याच घराची जमीन उकरत होतात. मी घमेल्याने माती कोपऱ्यात टाकत होते. कंबरभर गेल्यावर वास असा उसळला की मावशी भिंतीला धरून ओकली. पण थांबली नाही. साहेब ओळीने घरं बघत आले तेव्हा तू दार उघडून त्यांच्या वाटेत आडवी आलीस.

“साहेब, आत या. घर बघा की.”

“वेडी हाय ती, पोरगं गेल्यापासून,” सरपंच म्हणाला.

“वेडी तर वेडी. आत या.”

साहेब आत आले आणि रुमाल नाकाला लावून खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. तू खाली उतरून शिंग ओढलंस. शिंगाबरोबर सडलेली लोकर आली, आणि तिच्यात अडकलेली आपल्या एडक्याच्या गळ्यातली घंटी. ती तू साहेबांच्या बुटापाशी ठेवलीस. “ही माजी. अशी समद्या घरांखाली हायेत. त्यातलं पाणी आमी पितो. मावशीची नात गेली, माजं लेकरू गेलं.” सरपंच मागून ओरडला, “साहेब, ह्यांचं ऐकू नका! आधी नामांतर पायजे होतं, आता गावांतर पायजे!” बरोबरची चार माणसं हसली. साहेब हसले नाहीत. हापशाचा दांडा त्याच दिवशी निघाला.

घरं माळावरच द्या असा हुकूम झाला, पण तिथला कापूस निघायला दोन वर्षं गेली. ती दोन्ही वर्षं सरपंचाने तुझ्यावर डूख धरला. उरलीसुरली मेंढरं कुणी शेतात बसवू देईना, कुणी पाला तोडू देईना. शेवटी तू ती ताडकळसच्या बाजारात विकलीस आणि मला नर्सिंगला घातलंस. माळावर घर मिळालं, त्यात तुला एकच पावसाळा लाभला. खोकून खोकून गेलीस. सरपंचाचं काही झालं नाही. ना चौकशी, ना शिक्षा. पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला.

आता तुला न सांगितलेलं सांगते. तू गेल्यावर काही वर्षांनी, विद्यापीठाचं नाव बदलायच्या आधीच्या हिवाळ्यात, त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. लग्नातलं काहीतरी खाल्लेलं, जुलाबांनी पार वाळून गेलेला. डोळे आत, जीभ कोरडी. शीर सापडेना. माझी ड्युटी होती, मला सापडली. सलाईन सुरू केलं, पोरांना औषध आणायला बाहेर पाठवलं आणि स्टूल ओढून बसले.

“मालक, वळखलं का?”

त्याने बराच वेळ पाहिलं. “मेंढकरणीची... पोर.”

“तिला एक ल्योक होता. त्याचं नाव सांगा.”

“पोरी, पाणी दे.”

“नाव सांगा.”

त्याला नाव माहीत नव्हतं, माय. ज्याला मारलं त्याचं नावही त्याला माहीत नव्हतं. नळीवरचं चाक माझ्या बोटाखाली होतं. मी ते फिरवलं नाही, एक थेंबही कमी केला नाही. पण बोट तिथून काढलंही नाही. तो त्या बोटाकडे बघत होता आणि त्याला जे वाटत होतं ते मी वाटू दिलं. मग वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. म्हणाले, “म्हणा.” तो अर्धंच म्हणाला. “नीट म्हणा.” त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढं पाणी अंगात कुठून आलं कोण जाणे. मग नीट म्हणाला. मावशीच्या नातीचंही म्हणाला, तिसऱ्या लेकराचंही. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला आणि पुढं मी दिसले की रस्ता बदलायचा. त्याला वाचवल्याबद्दल लोक मला चांगली म्हणाले. मी चांगली नव्हते. त्याने भीत भीत जगावं म्हणून मी त्याला जगवलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुला वाचताही येत नव्हतं. पण एक गोष्ट कबूल करते. त्याने तुझ्या लेकराचं नाव पहिल्यांदा नीट घेतलं तेव्हाच माझा सूड पुरा झाला होता. त्यानंतर मी त्याला ते आणखी दोनदा घ्यायला लावलं, ते सुडासाठी नव्हतं. तू गेल्यापासून ते नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला ते ऐकायचं होतं.