जित्या बाईच्या फोटोला हार

रविवार, संध्याकाळ

आज डायरी लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. राग उतरला की लिहू म्हटलं. तो काही उतरला नाही.

गावच्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या घरात फुलांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं आहे. त्यात आमच्या हिचाही फोटो आहे, मागच्या चैत्रात मोहफुलं वेचतानाचा. ही नागपूरला दवाखान्यात, आज सकाळी ऑपरेशन. मुलगा दिनेश सोबत आहे. मला घरात करमेना, म्हटलं फोटोत तरी पाहून यावं.

पाहतो तर फोटोला झेंडूचा हार! शेजारच्या गावची सीताबाई हात जोडून उभी. मला म्हणते, "कवा गेली जी वैनी? आमाले सांगतलं बी नाही."

मी फोटोवाल्यावर ओरडलो, "जित्या बाईच्या फोटोले हार कायले घातला रे?"

"काकाजी, गुस्सा मत करो, डेकोरेशन आहे. सकाळीच सगळ्या फोटोंना घातले."

बाकीचे फोटो कमळाचे, पळसाचे. कमळाला हार घातला तर कमळाचं काय जातं? एवढंही कळू नये? हार मीच ओढून काढला आणि बाहेरच्या गाईला खाऊ घातला. पण सकाळपासून होता तो. सकाळीच हिला आत नेणार होते ना?

मी असलं काही मानत नाही. मग सारखा फोन का लावून पाहतो आहे?

दिनेश, तुझा फोन दुपारपासून बंद आहे. बाबा रे, आई शुद्धीवर आली का, एवढं तरी लवकर कळव.