पेवावरची फरशी

पाथरी, ३ ऑक्टोबर १९४३. सकाळी.
उमाजी धनगर आला. मेंढरं घेऊन नदीकाठानं पालमकडे निघायचंय म्हणाला, त्याआधी ज्वारी हवी. दरसाल त्याची सहा पोती आमच्या पेवात असतात. आमची ज्वारी चैत्राआधीच वर काढली, ती संपली; आता आत आहे ती त्याचीच. म्हणालो, उद्या ने.
पेव अंगणातच, जमिनीखालचं धान्याचं कोठार, दोन पुरुष खोल. तोंडावर मी चैत्रात नवी फरशी बसवून घेतली. अखंड दगड, कडी नाही, खाच नाही, अंगणाशी एकदम लेव्हल. तेव्हा नर्मदाबाई म्हणाली होती, "अहो, पण उचलायची कशी?" हिला डिझाइन कळत नाही. तामीरात म्हणजे बांधकाम खात्यात एकवीस वर्षे नकाशे काढलेत मी.

४ ऑक्टोबर.
उचलली नाही. पहार घालायला फटच नाही, काम इतकं चोख. उमाजी दुपारपर्यंत बसून गेला. त्याला सांगितलं, प्लॅन चालू आहे.

५ ऑक्टोबर.
प्लॅन तयार. तीन वासे, दोर, वर चाक. नकाशा दोन रंगांत काढला. चाकासाठी विहिरीचा रहाट काढून आणला. नर्मदाबाईने पाणी शेजारून आणलं. काही बोलली नाही. प्लॅन पटला असावा.

६ ऑक्टोबर.
रहाट मोडला. दोर फरशीला बांधायचा कुठे, हे नकाशात राहून गेलं होतं. कमरेत उसण भरली, ती गारठ्याची.
उमाजीची बायको कासाबाई पाटी घेऊन दारात. "मालक, घरात कण्या बी सरायल्यात." तिला म्हणालो, शास्त्राला वेळ लागतो. ती पाटीकडेच बघत राहिली. नर्मदाबाईने घरातलं दळण तिच्या पाटीत ओतलं. मला विचारलं नाही.

७ ऑक्टोबर. दुपारी.
शेवटी भुजंग पाथरवटाला बोलावलं. फरशी त्यानेच बसवलेली. म्हणतो, "म्या तवाच म्हणलो व्हतो, कडी ठिवा." मला आठवत नाही. छिन्नीने त्याने कड फोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दगडाची धूळ. मग पहारी घालून सहा जणांनी फरशी सरकवली. आतून गरम, आंबूस वाफ आली.
भुजंग म्हणाला, आज कुणी उतरू नका, वारं लागू द्या. उमाजी म्हणाला, आधी कंदील सोडून बघू, विझला तर थांबायचं. नर्मदाबाईने माझा हातच धरला. एवढा पोरखेळ पुरे. दोर घेऊन मीच उतरतो.

८ ऑक्टोबर.
पेवात उतरल्यावर विचार करायला जरा डोळे मिटले.
नर्मदाबाई म्हणते, तुम्ही धपकन पडलात, हाका मारल्या तरी ओ नाही. उमाजी कमरेला दोर बांधून, दम कोंडून उतरला आणि मला काखेत धरून वर आला. नंतर अंगणात बराच वेळ ओकत होता म्हणे. मी डोळे मिटले की ही माझ्या नाकापाशी बोटं धरते.
डोकं ठणकतंय.

९ ऑक्टोबर.
आज कंदील विझला नाही. पेव उपसलं. ज्वारी काळी पडलेली, तिचे गोळे झालेले. गुरंही तोंड लावेनात. भुजंगने अंगणात घागर ओतून दाखवली. पाणी चारी बाजूंनी सरळ पेवाच्या तोंडाकडे गेलं. लेव्हल मीच आखून दिली होती.
उमाजीला म्हणालो, वरचाच थर गेला असेल. तो म्हणाला, "न्हाई मालक, तळापस्तोर तसंच हाय." मग मी म्हणालो, यंदा पाऊस लय झाला. त्याने ऐकून घेतलं. हातातली ज्वारी झटकली आणि विचारलं, "तुमचं डोकं आता बरं हाय का?"
मी हो म्हणालो.

१० ऑक्टोबर.
सकाळी उमाजीच्या घरी गेलो. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं, नीट जमत होतं.
कळप पहाटेच निघून गेला होता. कासाबाई कुणाच्या तरी रानात मजुरीला गेलेली. दार नुसतं ओढून घेतलेलं. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.