तिसरा आग्रह आणि गुलाबी बर्फ

लिटल क्रेन, मिनेसोटा
ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार

चि. आर्डिस हिस,

थोरल्या भावाचे, डावा गुडघा सोडून बाकी सर्वांगाने, आशीर्वाद. क्लिफ मेहुण्यांना नमस्कार. तुम्हा दोघांच्या प्रकृतीची चौकशी करायची रीत आहे म्हणून करतो. नाहीतर ॲरिझोनात माणूस आजारी कशाने पडणार, हे काही मला कळत नाही. तू पाठवलेला फोटो पोचला. दारातल्या झाडाला संत्री, तुझ्या पायात चपला आणि मागे मेहुणे अर्ध्या चड्डीत. मार्लिसने तो फ्रिजच्या दारावर लावला आहे (घरातल्या फ्रिजच्या, दुसऱ्या फ्रिजची कर्मकथा पुढे येते आहे). इथे तळ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरू लागला आहे, आणि रेडिओवरचा माणूस लग्नाची बातमी द्यावी तशा आवाजात सांगतो, की पुढच्या शनिवारी पारा दिवसाही शून्याखाली उतरणार आणि मार्चपर्यंत तिथेच बिऱ्हाड करणार. मार्लिसचं मनगट बरं आहे. गेल्या फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फावरून घसरली तेव्हापासून ते हवा बदलायच्या आदल्या दिवशी ठणकतं, म्हणजे इथे रोज. डॉक्टर तिला म्हणाले, यंदा बर्फावर चालायचं नाही, पुन्हा मोडलं तर जुळायचं नाही. मी विचारलं, मग नोव्हेंबर ते एप्रिल चालायचं कशावर? तर म्हणाले, ते तुम्ही बघा. एवढं शिकून माणूस शेवटी एवढंच सांगतो.

तू जूनमध्ये फोनवर म्हणाली होतीस, की हिवाळाभर घरगाडी घेऊन इकडेच या, आमच्या शेजारची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, छे, तुम्हाला कशाला त्रास. सप्टेंबरात तू पत्रातून पुन्हा विचारलंस. मी उलट टपाली कळवलं, की आमचं इथे उत्तम चाललं आहे. त्यावर तू लिहिलंस, 'बरं, जशी तुमची मर्जी', आणि संत्र्यांचा फोटो पाठवलास. विषय संपला. (संपला म्हणजे अगदी संपला. मी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.) सांगायचा मुद्दा एवढाच, की घरगाडी हिवाळ्यात इथेच राहणार असं ठरलं, आणि इथे राहणाऱ्या घरगाडीला थंडीआधी झोपवावं लागतं. हे काम मी यंदा पहिल्यांदाच केलं. पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तिचा प्रत्येक स्क्रू कुणाला न विचारता शिकलो, तेव्हा मला वाटलं, ही तर नुसती नळ असलेली बस.

तू गाडी पाहिलेली नाहीस. मेमध्ये एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. आत पलंग, शेगडी, न्हाणी, संडास, आणि स्वतःचा बर्फ स्वतः पाडणारा फ्रिज. मिनेसोटात राहणाऱ्या माणसाला गाडीत बर्फ पाडायचं यंत्र का हवं होतं, हे त्या डॉक्टरलाच माहीत. सोबत दोनशे बारा पानांचं पुस्तक मिळालं, त्यात पलंगाला एक पान आणि बर्फाला बावीस. पुस्तकाचा सारांश असा, की पाइपात चमचाभर पाणी राहिलं तरी ते गोठून फुगतं, पाइप उकलतो, आणि वसंतात नळ उघडला की पलंगावर कारंजं. ते टाळायचे दोन रस्ते. एक तर हवेच्या पंपाने फुंकून सगळं पाणी बाहेर काढायचं. नाहीतर गोठत नाही असलं एक गुलाबी पाणी विकत मिळतं, ते सगळ्या पाइपांत भरायचं.

हवेचा पंप आपल्याकडे नाही. शेजारच्या व्हीटोकडे आहे. व्हीटो मार्केटी हा न्यू जर्सीचा, मुलगी इथे दिली म्हणून दोन वर्षांपूर्वी येऊन राहिलेला. माणूस सोन्यासारखा, पण मनातलं सगळं बोलून दाखवायची खोड आहे. तो कुंपणावरून म्हणाला, "अर्विड, माझा पंप घेऊन जा." मी म्हटलं, नको रे, चालवून घेईन. चार दिवसांनी टपालपेटीपाशी भेटला तेव्हा पुन्हा म्हणाला, "पंप नको ना नक्की?" मी म्हटलं, नक्की नको. आणि घरी येऊन गाडीच्या मागची जागा झाडून ठेवली, त्याचा पंप नीट टेकवता यावा म्हणून. मग वाट पाहिली. रविवारी चर्चच्या वाहनतळात त्याच्या गाडीशेजारी उगाचच दहा मिनिटं उभा राहिलो. तो माझ्याशी हवामानाबद्दल बोलला. सोमवारी त्याच्या देखत मी पाइपात तोंडाने फुंकून पाहिलं. त्याने हात हलवला आणि घरात गेला. असली निष्ठुर माणसं मी बसच्या धंद्यातही पाहिली नव्हती.

तेव्हा राहता राहिलं गुलाबी पाणी. लोवेलच्या दुकानातून दोन गॅलन आणलं. गाडीतल्या पाण्याच्या पंपाची नळी बाटलीत सोडली, पंप चालू केला, स्वयंपाकघराचा नळ उघडला आणि गुलाबी धारेची वाट पाहत बसलो. धार साध्या पाण्याची, तीही म्हाताऱ्या गाईसारखी थेंब थेंब. बाटल्या मात्र रिकाम्या. पुन्हा लोवेलकडे. तो म्हणाला, "आणखी दोन?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं." तेही गायब. तिसऱ्यांदा गेलो. "आणखी दोन?" "हो." "बरं." आर्डिस, सहा गॅलन पाणी पिऊन गाडी कोरडीच्या कोरडी. मी खाली वाकून जमीन पाहिली, गादी उचलून पाहिली, संडासात विजेरी घेऊन पाहिलं. चौथ्या खेपेला लोवेलने बाटल्या पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाला, "गरम पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट बंद केली असशीलच." मी म्हटलं, अर्थात. घरी आलो आणि ती वाट बंद केली. सहाच्या सहा गॅलन त्या टाकीत नांदत होते, ते खालच्या बुचातून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी मी लोवेलला नुसतं सुचवलं, की हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. तो म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस." याला म्हणतात संस्कार. व्हीटोने यातून शिकावं.

टाकी बंद झाल्यावर मात्र सगळे नळ गुलाबी वाहिले आणि माझा ऊर भरून आला. मग फ्रिज बंद केला, रिकामा केला, सोड्याच्या पाण्याने पुसला, आत वास कोंडू नये म्हणून मार्लिसच्या चांगल्या टॉवेलची गुंडाळी दाराच्या फटीत अडकवली, हात धुतले आणि पुस्तकाचं एकशे एकाहत्तरावं पान उघडलं. तिथे लिहिलं आहे, की बर्फाच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीतही पाणी असतं, आणि यंत्राने गुलाबी बर्फ पाडला की नळी सुटली असं समजावं. पण यंत्र नळी उघडतं कधी? फ्रिज पुरता गार झाल्यावर. म्हणजे थंडीपासून वाचवायला बंद केलेला फ्रिज पुन्हा चालू करून थंड करायचा. अख्ख्या तालुक्यात थंडी फुकट पडलेली असताना मी अंगात कोट, डोक्यावर कानटोपी घालून पाच तास आत बसलो आणि वीज जाळून आणखी थंडी तयार केली. संध्याकाळी खडखड झालं आणि आठ खडे पडले. रंग बारशाच्या झबल्यासारखा. नळीतलं साधं पाणी मिसळल्याने बऱ्यापैकी घट्ट होते, बोट लावलं तर पुडिंगसारखे डुलत होते इतकंच. मी ते वाटीत घेऊन मार्लिसला दाखवायला घरात आलो. ती चर्चमध्ये माशाच्या जेवणाची भांडी मोजायला गेली होती, म्हणून वाटी घरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तिथे मार्लिसने जूनमध्ये केलेला रुबार्बच्या आंबट लाल देठांच्या रसाचा बर्फ असतो हे मला माहीत होतं. तोही गुलाबी असतो हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत नव्हत्या.

परवा व्हीटो आमचा रिकामा झालेला केकचा डबा परत द्यायला आला. मार्लिसने विचारलं, लिंबू सरबत घेणार का. (दुपारनंतर त्याला कॉफी वर्ज्य आहे.) तो म्हणाला, "हो." पहिल्याच खेपेला. मार्लिस हातात जग घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली. "नको" ऐकल्याशिवाय ओतायची तिच्या हाताला सवय नाही. मग तिने सरबत ओतलं आणि वर रुबार्बचे म्हणून दोन खडे टाकले. व्हीटोने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मार्लिस, हे भयंकर आहे."

तुला आठवत असेल, आपल्याकडे खाण्याला जास्तीत जास्त वाईट म्हणायचं झालं तर 'वेगळं लागतं' म्हणतात. सेल्मामावशीने कलेजीचा आणि अननसाचा ओव्हनमध्ये भाजलेला रगडा केला होता तोसुद्धा 'वेगळा'च होता, आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतला होता. चाळीस वर्षांत मार्लिसच्या ओट्याजवळ कुणी भयंकर हा शब्द उच्चारला नव्हता. मी ग्लासाकडे पाहिलं. खडे डुलत होते. मी झडप घालून ग्लास उचलला, व्हीटोला चूळ भरायला लावली आणि लोवेलला फोन केला. लोवेल म्हणाला, बाटलीवर विषारी नाही असं छापलेलं आहे, एका घोटाने काही होत नाही, पण रोज देऊ नये.

सगळं उलगडल्यावर व्हीटो पाच मिनिटं हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "पण हे पाइपात भरलंस कशाला? हवेने दहा मिनिटांत झालं असतं. दोनदा विचारलं मी तुला."

"दोनदाच," मी म्हटलं.

"तू नको म्हणालास ना."

"दोनदाच नको म्हणालो."

त्याने मार्लिसकडे पाहिलं. "अगं, तुमच्यात विचारायचं तरी किती वेळा असतं?"

"तीनदा," मार्लिस म्हणाली. "पहिल्यांदा विचारतात ती रीत, दुसऱ्यांदा विचारतात तो सभ्यपणा. तिसऱ्यांदा विचारलं, की खरंच मनापासून आहे असं समजायचं."

"आणि विचारणाऱ्याला हे ठाऊकच नसेल तर?"

आर्डिस, हा प्रश्न या घरात यापूर्वी कुणी विचारलेला नाही. मी पुस्तक चाळू लागलो. व्हीटो उठला, फ्रिजवरचा तुझा फोटो पाहून थबकला. "ही कोण?"

"याची बहीण," मार्लिस म्हणाली. ती सिंकपाशी पाठमोरी होती. "हिवाळ्याला तिकडे या म्हणते."

"किती वेळा म्हणाली?"

ती ग्लास धूत होती. तो मघाशीच धुऊन झाला होता. "दोनदा," ती म्हणाली.

व्हीटोने टोपी घातली, माझ्याकडे बस चुकलेल्या पोराच्या आईने पाहावं तसं पाहिलं आणि गेला. मार्लिसने तो ग्लास आणखी एकदा धुतला.

असो. गाडी आता झोपली आहे. प्रत्येक नळ गुलाबी, टाकी रिकामी, फ्रिज बंद, दार टॉवेलवर टेकलेलं. आता वसंतापर्यंत तिला कुणी हात लावायचं कारण नाही. आम्ही मजेत आहोत. आमची बिलकूल काळजी करू नये. संत्री फार खाऊ नका, आंबट असतात.

तुझा थोरला भाऊ
अर्विड

ता. क. आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर व्हीटोचा हवेचा पंप. चिठ्ठी होती: 'विचारत नाही. घे.' हे आमच्या रीतीत कुठे बसतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पंपाला वळसा घालून जावं लागतं.

दुसरा ता. क. फ्रिजच्या फटीतला टॉवेल मार्लिसने काढला, धुतला, इस्त्री केला आणि परत गाडीतच ठेवला. शेजारी तिचे दोन उन्हाळी झगे आणि पातळ चपला.

तिसरा ता. क. लोवेलला मी सहज विचारलं (या वेळी विचारलं), की गुलाबी पाणी काढायला कुठे थांबावं लागतं का. तो म्हणाला, कुठेही काढता येतं, दक्षिणेत पोचल्यावरसुद्धा, नुसता चालू नळ हवा. तेव्हा तुमच्या शेजारच्या जागेतला नळ चालतो का, एवढं माहितीसाठी कळव. रस्ते पुढच्या शुक्रवारपर्यंत मोकळे आहेत, हीसुद्धा माहितीच. तू तीस वर्षांपूर्वी हे गाव सोडलंस, आणि मेहुणे मूळचे टेक्सासचे, तिथे म्हणे एकदाच विचारतात, म्हणून तुला दोष नाही. पण आई शेवटची लेफ्सा, ती बटाट्याची पोळी, ताटात कशी वाढायची ते तू पाहिलं आहेस. ती दोनदा विचारून कधी थांबली नाही. फोन स्वयंपाकघरात आहे, आणि दिवसभर मार्लिसच उचलते.

चौथा. वरचं वाचून मार्लिस म्हणाली, इतकं उघड लिहिणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग खोडतो. ती म्हणाली, राहू दे, शाई वाळली आहे.