हात लावायचा नाही

३ नोव्हेंबर
छिन्नी-हातोडा बंद! डॉक्टरांनी खांद्याचा निकालच लावला. तीस वर्षं मूर्ती घडवल्या, आता म्हणे भाजीची पिशवीही उचलू नका. गोपाळला आनंद — नवरा असून! "आता तरी आपल्या अनगोळ गल्लीतली माणसं दुपारची निवांत झोपतील." मला मात्र रडू आलं. डिसेंबरातल्या प्रदर्शनात ठेवू काय? काहीच नसलं तर मी संपलेच.

६ नोव्हेंबर
निपाणीला जाऊन आले. आण्णासाहेबांचा जुना शिळाछापखाना. चाळीस वर्षं विडीची लेबलं छापली, आता सगळं बंद. माणूस तिखट! डाव्या हाताची करंगळी यंत्राने नेलेली. दगडावर तेलकट खडूने काढायचं, वरून पाणी फिरवायचं. शाई तेलाला धरते, पाण्याला नाही. म्हणजे दगडच, पण न फोडता! शिकवतो म्हणाले.

१० नोव्हेंबर
पाच वेळा ओरडा खाल्ला. दगड दिसला की माझा तळवा आपोआप फिरतो. "आक्का, हात लावू नका म्हणतो न्हवं! हाताचं तेल बी छापतंय!" साठीला आले, आणि शाळेतल्यासारखी हात मागे बांधून उभी.

१२ नोव्हेंबर
आज एकदाच ओरडा. प्रगती!

१४ नोव्हेंबर
चित्र झालं. नुसते आकार — कपच्या, मध्ये मोठी पोकळी. "ह्यात हाय काय?" "काहीच नाही." "मग बरोबर जमलंय!" उद्या छपाई. निघाले तेव्हा आण्णासाहेब यंत्राला तेल घालत होते.

१५ नोव्हेंबर
सत्यानाश! पहिलाच कागद उचलला आणि पोकळीत भला मोठा पंजा! करंगळी तेवढी टेकली नसावी. मेली ती सवय! कधी लावला हात, आठवतही नाही. म्हटलं, घासून टाका, पुन्हा काढते. तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे की आक्का. बरं दिसतंय." ओरडलेसुद्धा नाहीत. माझी कीव आली असणार.

२० डिसेंबर
प्रदर्शन उघडलं. सगळे त्या पंजापुढेच! "शिल्पकाराचा हात लगेच कळतो," म्हणे. मी आपली मान डोलावली. नव्या कामाची विचारणाही आली. संपले नाही मी!

२१ डिसेंबर
आण्णासाहेब एस.टी.ने आले, इस्त्रीचा सदरा घालून. चित्रापुढे कितीतरी वेळ उभे. "चाळीस वरसं लोकांची लेबलं छापली, आक्का. आपलं कायच न्हवतं त्यात." आणि चित्राकडे बघत हात जोडले — नऊ बोटं.
मी त्या दगडाला हात लावलाच नव्हता! लबाड म्हातारा!
चित्राखालच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव लिहून आले.