आधी पळायचं की बसायचं

आप्पा,

परवा तुमच्या पणतीनं मला हट्टानं टीव्हीसमोर बसवलं. मी सध्या लेकीकडे अमेरिकेत आहे. इथे एक खेळ आहे, त्याला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. उशा बांधल्यासारखी धिप्पाड पोरं मैदानात उभी होती आणि पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेल्या पंचानं नाणं उडवलं. ज्याचा कौल लागला तो कप्तान काहीतरी बोलला आणि चेंडू समोरच्यांना मिळाला. मी विचारलं, "हरला का गं हा?" ती म्हणाली, "नाही आजी, जिंकला. पण तो म्हणाला, आत्ता नको, दुसऱ्या अर्ध्यात आधी आम्हाला द्या." मला हसू आवरेना. म्हटलं, हा तर आमच्या गावचा, पिरनवाडीचा दिसतोय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कसं सांगणार की एवढ्या लांब येऊन मला तुम्ही भेटलात, गळ्यात टेप अडकवलेले, सायकलला टेकून उभे असलेले. मग हसू गेलं, आणि आज हे लिहायला बसले.

लष्कराच्या कॅम्पातल्या त्या अरुंद दुकानात तुम्ही जवानांचे कपडे शिवायचा आणि संध्याकाळी सायकल हाणत पिरनवाडीला येऊन आम्हा पोरींना खोखो शिकवायचा. शाळेला खेळाचे सर नव्हते, म्हणून मुख्याध्यापक बाईंनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही तर वाटच बघत होता. तरुणपणी तुम्ही खेळला होता ना. परकरात पाय अडकून पोरी पडायला लागल्या तेव्हा तुम्ही उरल्यासुरल्या खाकी कापडाच्या हाफपँटी शिवल्यात, सगळ्या संघाला. गावात त्यावरून जे काय झालं. आत्या आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. "पोरींची पलटण काढलीस व्हय रं?" एवढंच दारातून विचारून गेली. तुम्ही घरच्या मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "पलटण काढायची तर युनिफॉर्म पायजेच की आक्का." आम्ही पोरी आत तोंडावर हात दाबून हसतोय, आणि आई बाहेर येऊन सगळ्यांना गूळपाणी देतेय.

आणि तुमचा तो एकच हेका. खोखोत एक संघ रांगेत बसतो आणि पाठलाग करतो, दुसरा पळतो, मग अदलाबदल, असे दोन डाव. तुमचं म्हणणं, कौल लागला की आधी पळायचं. म्हणजे शेवटचा पाठलाग आपल्या वाट्याला येतो, आणि किती गडी मारायला लागतात ते आधीच कळलेलं असतं. "माप कळल्याशिवाय कात्री लावायची न्हाय," हे तुम्ही इतक्यांदा म्हणायचा की पोरी मागून तुमची नक्कल करायच्या. घरातही तेच. आईला दूधसागरचा धबधबा बघायचा होता, तर मागनं जाऊ. भिंतीला पोपडे आले, तर मागनं बघू. तुम्ही आळशी नव्हता आप्पा, हे मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला शेवटचा डाव आपल्या हातात लागायचा, बस्स.

त्या वर्षी मी एसएसएलसीला, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. आत्यानं निपाणीहून स्थळ आणलं होतं, तंबाखूच्या वखारीवाल्यांचं, चांगलं घर. मला मात्र खेळाची शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्या कॉलेजात घ्यायला जिल्ह्याच्या पुढं खेळल्याचा दाखला लागायचा. म्हणजे जिल्ह्याचा सामना जिंकून धारवाडला जायला हवं होतं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि तुम्ही दोघं बाहेर बोलत होता. आत्या म्हणाली, "लोकं किती दिवस थांबतील रं?" आणि तुम्ही नेहमीप्रमाणे पुढं ढकललंत. "सामना होऊ दे आक्का. धारवाडला गेली तर शिकंल. न्हाय गेली तर तू म्हणशील तसं. शब्द देतो." तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. मला तेव्हा भीती वाटली नव्हती, उलट आनंद झाला होता. आम्ही हरू असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सामना कॅम्पाजवळच्या मैदानावर होता, गुंजीच्या मुलींशी. त्या सकाळच्या गाडीनं आल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या होत्या. दुपारी सुरू व्हायचं होतं. पण आपल्याकडे कुठला कार्यक्रम एकदाच होतो? पाहुण्यांचं स्वागत कानडीत झालं, मग तेच सगळं मराठीत. हार दोनदा, परिचय दोनदा, आभार दोनदा. मधे फलकावर कुठली भाषा वर यावी यावरून दोन गटांत हुज्जत झाली ती वेगळीच. ऊन उतरायला लागलं, फक्कीच्या रेघा वाऱ्यानं पुसट झाल्या, तेव्हा कुठं पंचांनी आम्हा दोघी कप्तानांना बोलावलं. नाणं त्यांच्या खिशात सापडेना. मग त्यांनी खाली पडलेली एक खापरी उचलली, एका बाजूला थुंकी लावली, आणि म्हणाले, "ओली की सुकी?" मी म्हटलं, ओली. ओलीच पडली. पंचांनी विचारलं, बसणार की पळणार. मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सायकलपाशी उभे, आणि दोन बोटं हलवून पळायची खूण केलीत. मी म्हटलं, पळतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तीन पाळ्या उजेडात झाल्या आणि चौथी, आमची, शेवटची, उरली तेव्हा पलीकडच्या पोरींची तोंडं दिसेनात. पंचांनी विचारलं, उद्या खेळायचं का. गुंजीच्या बाई म्हणाल्या, "आमची गाडी हाय हो, पोरींना कुठं ठेवू?" तुम्ही मान हलवलीत, खेळू द्या म्हणालात. थोडेच गडी हवे होते आम्हाला. एरवी ते आम्ही बोलता बोलता मारले असते. पण रेघा दिसत नव्हत्या, आमच्या पोरी मधली रेघ ओलांडत होत्या आणि शिट्टी वाजत होती. गुंजीच्या पोरींचे गडद निळे स्कर्ट अंधारात विरघळून जायचे. शेवटी एक गडी राहिला होता. मी झेप घेतली आणि माझं बोट तिच्या पाठीला लागलं. आजही मी सांगेन, लागलं. पंच जवळ आले आणि म्हणाले, "काणलिल्ला." मग मला कळलं नसेल म्हणून मराठीत पुन्हा, "दिसलं न्हाय." तेसुद्धा दोनदा.

घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आलात. आधी बसलो असतो तर अंधारात पाठलाग त्यांना करावा लागला असता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी आत्या आली, आणि तुम्ही दिलेला शब्द पाळलात. त्याबद्दल मला तुमचा राग आला होता, खूप आला होता. तुम्ही शब्द मोडावा असं मला वाटत होतं आणि मी ते बोलले नाही. लग्न होऊन निपाणीला गेले. त्यानंतर तुम्ही मैदानावर गेलाच नाही म्हणे. पोरी काही दिवस दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि तुम्ही मशीनचं काम दाखवून त्यांना परत पाठवायचा. हे आईनं सांगितलं तेव्हा मी एकटी वखारीच्या मागं जाऊन रडले.

दर दिवाळीला तुम्ही निपाणीला यायचा, माझ्यासाठी पोलकी शिवून. तंबाखूच्या धुराळ्यानं तुम्हाला शिंका यायच्या, तरी तिथंच वखारीपुढच्या बाकावर बसायचा. माझं बरं चाललं होतं आप्पा. माणसं चांगली होती. पुढं मी तिथल्या शाळेत पोरींना खोखो शिकवायलासुद्धा लागले, बिनपगारी, संध्याकाळी. तुम्ही माझ्या हातचा चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "त्या दिवशी बसायलाच सांगाय पायजे होतं गं मी." आणि मी दरवेळी म्हणायचे, "जेवा आधी आप्पा, मागनं बोलू." मग जेवण व्हायचं, आणि तुमच्या बसची वेळ व्हायची. तुमचं आजारपण कळलं तेव्हा मी बसमध्ये सगळं मनात जुळवत आले, काय बोलायचं, कसं बोलायचं. पिरनवाडीच्या फाट्यावर उतरले तर भाऊ घ्यायला आला होता, आणि त्याचा चेहरा बघूनच कळलं, मला उशीर झाला होता.

या अमेरिकेतल्या खेळात तो कप्तान हसत हसत मागनं घेऊ म्हणाला, आणि मला त्याचा हेवा वाटला. त्यांच्या मैदानावर मोठमोठे दिवे असतात आप्पा. दिवस मावळला तरी त्यांचा दुसरा अर्धा उजेडातच होतो. पणती म्हणाली, थांब ना आजी, आता आपल्या संघाला चेंडू मिळणार. मी गुडघ्याचं निमित्त करून आत गेले. कोण जिंकलं ते अजून विचारलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तरी एवढं सांगून टाकते. त्या दिवशी तुम्ही खूण केली नसतीत, तरी मी पळतोच म्हणाले असते. मलाच तसं हवं होतं, तुमचा काही दोष नाही. हे खरं आहे की नाही, ते इतक्या वर्षांनी मलाही नक्की आठवत नाही. पण त्या बाकावर बसून तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी तुमच्या डोळ्यांत बघून हेच सांगितलं असतं, आणि तुम्हाला ते पटवलंही असतं.